पहिल्या पाण्याचा मान

पहिलं पाणी थोरलीकडे येऊन चार रविवार झाले होते, आणि पाचव्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता दारात नवं मशीन आलं.

या घरात कपडे धुणं हे काम नव्हतं, ती राज्यव्यवस्था होती. मागच्या दाराशी असलेल्या धुण्याच्या खोलीत सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी घेतलेलं मशीन उभं होतं. वर झाकण, आत पिंप, पिंपाच्या मधोमध एक जाडजूड दांडा. बटण फिरवलं की दांडा अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे असे हिसके देत कपड्यांना वळण लावायचा. पिंपात पन्नास लिटर पाणी मावायचं, आणि पन्नास लिटर साबणाचं पाणी एका घाण्यासाठी वापरून सोडून देणं सासऱ्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून एकाच पाण्यात एकापाठोपाठ चार घाणे निघायचे. पावडर सुरुवातीलाच, चारही घाण्यांच्या वाटची, दोन मोठे पेले. पहिलं पाणी घरातल्या मोठ्या बाईचं. तिचे कपडे शेजारच्या पिळायच्या टाकीत गेले की तेच पाणी दुसरीचं व्हायचं, मग तिसरीचं. चौथ्याला पाणी म्हणायचं ते केवळ ओलं असायचं म्हणून.

सासरे गेले, तत्त्व राहिलं. पहिलं पाणी आईंचं, म्हणजे सासूबाईंचं. दुसरं ताईचं, म्हणजे लग्न होऊन तीन गल्ल्या पलीकडे गेलेल्या नणंदेचं. ती दर रविवारी गाठोडं घेऊन यायची, कारण माहेरचं दुसरं पाणी सासरच्या पहिल्यापेक्षा वरचं असं तिचं मत होतं. तिसरं थोरल्या सुनेचं. चौथं, सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्यापासून, धाकटीचं. नवरे आपापल्या बायकोच्या पाण्यात.

थोरली दाखले देणाऱ्या कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीवर बसायची. रांगेत उभं राहिलं की नंबर येतो, हे ती दिवसातून चाळीस वेळा लोकांना सांगायची. घरी ती तिसऱ्या पाण्याच्या रांगेत एकोणीस वर्षं उभी होती. तिचे ऑफिसचे पांढरे शर्ट जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचे झाले होते, आणि कार्यालयाच्या भिंतीही त्याच रंगाच्या असल्यामुळे ती कधीकधी खिडकीत आहे की नाही हे लोकांना चटकन कळत नसे. मग गेल्या महिन्यात आईंनी गुडघ्यांचं निमित्त करून जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "मशीन आता थोरलीचं. पहिलं पाणी तिचं. मी सुटले." सगळे एकेक पायरी खाली सरकले. आई दुसऱ्यावर, ताई तिसऱ्यावर. धाकटीला सरकायला जागा नव्हती, ती चौथ्यावरच राहिली.

चार रविवार पहिल्या पाण्यात काढूनही शर्ट वर्तमानपत्राच्याच रंगाचे होते. ही गोष्ट थोरलीनं कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. नंबर आला होता, तेवढं पुरे होतं.

आणि आता हे. दोन माणसांनी खोकं आत आणलं, नळाची नळी जोडली, एक पुस्तिका हातात ठेवली आणि "जुनं न्यायला चार वाजता गाडी येईल" असं सांगून ते गेले. जुनं द्या आणि नवं घ्या, अशी ती योजना होती. पुढून गोल काचेचं दार, वर आकडे दाखवणारी पट्टी. जुन्या मशीनशेजारी ते बँकेत नोकरीला लागलेल्या नातवासारखं उभं होतं.

"तुम्ही विचारलं नाहीत," थोरली म्हणाली.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, वहिनी," धाकटी म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, त्यामुळे समोरच्याला काय दिसत नाहीये हे तिला लवकर कळायचं आणि ते ती सांगूनही टाकायची.

"मी म्हटलं होतं विचारू या," धाकटा म्हणाला. शेवटी जो बोलला असेल त्याच्याशी तो नेहमी सहमत असायचा. मात्र खोलीत आता कुणीच बोलत नव्हतं, त्यामुळे त्याची पंचाईत झाली.

आई स्टूल ओढून नव्या मशीनसमोर बसल्या. "यात पाणी किती लागतं?"

"एका वेळी पंधरा लिटर. आडवं पिंप आहे. कपडे वर उचलतं आणि खाली आपटतं. दांडा नाही."

"आणि ते पाणी पुढं कुणाचं?"

"कुणाचंच नाही. सोडून देतं. पुढच्या घाण्याला नवं घेतं."

"त्याच्या पुढच्याला?"

"आणखी नवं."

आईंनी थोडा विचार केला. "मग यातलं पहिलं पाणी कुठलं?"

"सगळीच पहिली," धाकटी म्हणाली.

या घरात असं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. थोरलीनं आधारासाठी आईंकडे पाहिलं. आई आता काहीतरी बोलतील, तीस वर्षांच्या शिस्तीचं काहीतरी, असं तिला वाटलं. आईंनी काचेवरून हात फिरवला आणि त्या म्हणाल्या, "छान आहे की."

---

दोन वाजता ताई गाठोडं घेऊन आली तेव्हा घरात दोन पक्ष पडले होते आणि तिसरा पडायच्या बेतात होता. थोरला जुन्या मशीनमागे पाठीवर आडवा झाला होता. त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. या मशीनचा पट्टा त्यानं दोनदा बदलला होता, आणि वेळेचं बटण तर एका भिंतीवरच्या घड्याळाचं यंत्र काढून बसवलेलं होतं. म्हणूनच धुणं संपलं की मशीन कधीकधी टोले द्यायचं.

"नव्याचं काय बिघडलं ते कुणाला कळत नाही," तो मशीनमागून म्हणाला. "बोर्ड बदला म्हणतात. याचं काय बिघडलंय ते ऐकू येतं."

"दादा, याचं काय बिघडलंय ते पलीकडच्या गल्लीतही ऐकू येतं," ताई म्हणाली. "वहिनी, मी कुणाच्याच बाजूची नाही, हे आधीच सांगते."

महिन्यापूर्वी, दुसऱ्या पाण्यावर असताना, ताई जुन्या मशीनसाठी प्राण द्यायला तयार असायची. तिसऱ्यावर आल्यापासून ती तटस्थ झाली होती. थोरलीनं हे नोंदवून ठेवलं.

चहा टाकायच्या निमित्तानं तिनं आईंना स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, मशीन जावं असं तुम्हाला वाटतं?"

"जुनं झालंय."

"गेल्या महिन्यात नव्हतं झालं."

आईंनी कपबश्या पुसायला घेतल्या. त्या आधीच पुसलेल्या होत्या. थोरलीला मागचा रविवार आठवला. तिचा घाणा निघाल्यावर आई झाकण उचलून बराच वेळ पिंपात बघत उभ्या होत्या. तिला वाटलं होतं, जुन्या आठवणी येत असतील. आता तिला कळलं की आई पाणी बघत होत्या. एकोणीस वर्षं ती स्वतः तसंच झाकण उचलून बघायची, आपल्या वाट्याला काय आलंय ते.

"पहिलं पाणी तुम्हीच घ्या परत," ती म्हणाली. म्हणायला जड गेलं. "मी दुसऱ्यावर जाते. मशीन मात्र राहू दे."

"दिलेलं मी परत घेत नाही."

"मग दुसऱ्यात काय वाईट आहे?"

"काही वाईट नाही," आई म्हणाल्या. "फक्त त्यात तुझ्या नवऱ्याचे मोजे आधी जाऊन आलेले असतात."

"तो तुमचा मुलगा आहे."

"म्हणून तर मला माहीत आहे."

म्हणजे असं होतं तर. आपण पहिल्या नाही, तर मग कुणीच पहिलं नको. थोरलीला राग आला. पण खिडकीवर बसून बसून तिला एक सवय लागली होती. समोरच्याचं खरं कारण एकदा कळलं की तिचा निम्मा राग उतरायचा. उरलेला निम्मा चहात ढवळून ती बाहेर आली.

---

ताई सातवीला विज्ञान शिकवायची. बाहेर तिनं तोवर प्रयोग ठरवून टाकला होता.

"भांडून काय होणार? दोन्ही मशीनं लावू. वहिनीचे कपडे जुन्यात, धाकटीचे नव्यात. वहिनीचा पांढरा शर्ट, धाकटीचा दुकानातला पांढरा कोट. दोन्हीच्या उजव्या बाहीवर एकेक चमचा चहा. जो डाग जाईल ते मशीन राहील."

"आणि दोन्ही गेले तर?" धाकट्यानं विचारलं.

"तर तू मध्ये बोलायचं नाहीस."

कपडे आले. थोरलीनं धाकटीचा कोट पहिल्यांदाच हातात घेऊन पाहिला. एरवी तो दारामागे टांगलेला असायचा. पांढरा म्हणून घेतलेल्या त्या कोटाचा रंग आता सांगता येण्यासारखा नव्हता. शर्ट वर्तमानपत्राचा असेल, तर हा ज्यात वर्तमानपत्र भिजवून ठेवलंय त्या बादलीचा होता.

"पावडर?" ताईनं विचारलं.

"पहिल्या पाण्याची पावडर हीच घालते," थोरला म्हणाला. नियम तसा होताच. थोरलीनं डबा घेतला आणि पहिल्या पाण्यात घालायची तशी दोन मोठे पेले पावडर जुन्या मशीनमध्ये टाकली. मग ती नव्याकडे वळली.

"पुस्तिकेत दोन चमचे लिहिलंय," धाकटी म्हणाली.

"प्रयोगात एकच गोष्ट बदलायची असते," ताई म्हणाली. "बाकी सगळं सारखं. मशीन बदललंय. आता पावडरही बदललीस तर प्रयोग राहतच नाही, त्याचा निबंध होतो."

"पण ताई, यात पाणीच कमी असतं."

"तो मशीनचा प्रश्न आहे, प्रयोगाचा नाही."

थोरलीनं ताईकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, आणि नव्या मशीनच्या खणात दोन मोठे पेले पावडर ओतली. त्यात दुष्टपणा नव्हता, हे तिनं नंतर अनेकदा सांगितलं. चांगुलपणा होता असंही ती कधी म्हणाली नाही.

पावणेतीनला दोन्ही मशीनं सुरू झाली. जुनं पहिल्या हिसक्यालाच जागचं हललं आणि नेहमीप्रमाणे भिंतीकडे सरकायला लागलं. नवं काहीच करत नव्हतं. मग ते एकदा हळूच फिरलं, थांबलं आणि विचारात पडलं.

आई काचेला नाक लावून बसल्या. "पाणी कुठंय?"

"तेवढंच असतं, आई."

"तेवढ्यात मी रुमाल धुणार नाही. कपडे कोरडे दिसतायत. अरे, तांब्याभर घाल त्यात."

थोरल्यानं खण उघडून तांब्याभर पाणी घातलं. आईंचं समाधान झालं नाही म्हणून आणखी दोन. दरम्यान थोरलीनं जुन्याचं झाकण दोनदा उघडलं, एकदा विसरलेला मोजा टाकायला आणि एकदा उगीच, उघडता येतं म्हणून. पंधरा मिनिटांनी जुन्यानं तीन टोले दिले आणि ते थांबलं. तिनं कपडे उचलून पिळायच्या टाकीत टाकले, साध्या पाण्यातून काढले, शर्ट झटकला आणि टेबलावर पसरला.

ताईनं बाही उजेडात धरली. "डाग गेला. दहापैकी आठ."

"रंग?" धाकटीनं विचारलं.

"रंग प्रयोगात नव्हता."

नव्या मशीनमध्ये एव्हाना कोट दिसत नव्हता. काचेआड वरपासून खालपर्यंत नुसता फेस होता. थोड्या वेळानं तो खणातूनही बाहेर आला आणि मशीनच्या पुढच्या अंगावरून शांतपणे खाली उतरायला लागला. पट्टीवर सुरुवातीला एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं दिसत होती. साडेतीनला तिथं दोन तास पाच दिसले.

"वेळ वाढतोय," धाकटा म्हणाला.

थोरला पुढं झाला. ही बाब त्याच्या धंद्यातली होती. "माझ्याकडे असं घड्याळ आणलं तर मी परत पाठवतो."

धाकटीनं बटणं दाबली, दाराला हिसका दिला. दार बंदच. "पुस्तिकेत आहे, फेस जास्त झाला की ते आपणहून पुन्हा पुन्हा खळबळून काढतं. तोवर उघडत नाही."

"आमचं उघडतं," आई म्हणाल्या. सकाळपासून नव्याची बाजू घेणाऱ्या आईंच्या तोंडून 'आमचं' निघालं. ते सगळ्यांनी ऐकलं. आईंनीही ऐकलं आणि त्या चहा गार झाल्याचं बोलू लागल्या.

"मग ठरलं की," ताई म्हणाली. तटस्थता संपली होती. जिंकणाऱ्याच्या घरात निदान तिसरं पाणी तरी शाबूत होतं. "कोट अजून आतच आहे, शर्ट बाहेर आहे. जुनं जिंकलं."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. चार वाजले होते.

---

जुनं मशीन न्यायला आलेल्या माणसाच्या हातात कागद होता आणि बाहेर गाडी चालू ठेवलेली होती. त्यानं जुनं मशीन पाहिलं, वेळेचं बटण पाहिलं, आणि त्याबद्दल काही विचारायचं नाही असं ठरवलं.

"मालक कोण? इथं सही लागेल."

धाकटा पुढं झाला. आई म्हणाल्या, "तो नाही. मशीन थोरलीचं आहे. मी दिलंय तिला."

सगळे थोरलीकडे बघायला लागले. एकोणीस वर्षांत तिच्याकडे एवढी माणसं एकदम बघत असल्याचं तिला आठवेना, खिडकीवरचं सोडून. आता काही करायचंच नव्हतं. नाही म्हटलं की झालं. प्रयोग झालेला, ताई बाजूला, आई निम्म्या बाजूला, नवरा मशीनच्या मागेच. पुढच्या रविवारी पहिलं पाणी तिचं. त्याच्या पुढच्याही.

"वहिनी, एक बोलू?" धाकटी म्हणाली. ती फेसाच्या कडेला पाय आखडून उभी होती. "मला नंबर नकोय. दुकानात मालकानं मला दोनदा विचारलं, कोट नवा का घेत नाही. मी दोनदा नवा घेतला. आतमध्ये आहे तो तिसरा आहे."

"मला नव्हता का त्रास झाला? मी एकोणीस वर्षं थांबले. तुला सहा झाली."

"मीही थांबेन की. एकोणीस, वीस, काय असेल ते. मग तुम्ही एक दिवस टेबलावर सांगाल, आता पहिलं पाणी धाकटीचं." तिनं फेसातून पाय मागे घेतला. "पण वहिनी, तेव्हा माझ्या मागं कोण असेल? तुमच्या मागं मी आहे. माझ्या मागं कुणी नाही. मागं कुणी नसेल तर त्या पाण्याला पहिलं कोण म्हणणार?"

धाकटा सहमत व्हायला निघाला होता, पण त्याला कशाशी ते कळेना.

थोरलीनं टेबलावरच्या शर्टाकडे पाहिलं. डाग गेला होता, त्यामुळे आता पूर्ण शर्ट एकसारखा करडा दिसत होता. नंबर आल्यावर काय मिळतं, हे तिला चार रविवारपासून माहीत होतं. आणि ते मिळायलाही मागं कुणीतरी बादलीच्या रंगाचं लागतं, हे तिला आज माहीत झालं होतं.

"कागद दाखवा," ती त्या माणसाला म्हणाली.

तिनं तो खिडकीवर वाचतात तसा वाचला, दोन्ही बाजूंनी. "मालकाच्या रकान्यात दिराचं नाव घातलंय. हे चूक आहे. खोडा, शेजारी सही करा, वर खरं नाव घाला." त्या माणसानं मुकाट्यानं तसं केलं. धाकट्यानं खाडाखोडीपाशी सही केली. मग थोरलीनं आपली केली, खाली तारीख घातली. "पावती द्या."

"आत पाणी आहे," तो माणूस म्हणाला. "रिकामं करून द्यावं लागेल."

"अगं, एकदाच वापरलंय ते," आई म्हणाल्या. "तीन पाणी बाकी आहेत त्यात."

"माहीत आहे," थोरली म्हणाली. तिनं बाजूच्या आकड्यातून नळी सोडवली आणि मोरीत टाकली. पन्नास लिटर पाणी जायला बराच वेळ लागतो. सगळे उभे राहून बघत होते. या घरात पहिल्यांदाच एवढं चांगलं पाणी वाया चाललं होतं. थोरल्यानं तेवढ्या वेळात वेळेचं बटण आणि मागचं घड्याळाचं यंत्र स्क्रू फिरवून काढून घेतलं.

"सुटे भाग काढायचे नाहीत, साहेब."

"हा मशीनचा भाग नाही," तो म्हणाला. "हा माझा."

---

नव्याचं दार पावणेसहाला उघडलं. कोट बाहेर आला आणि ताईच्या हातात उभाच राहिला. तो पांढरा होता. डाग तर नव्हताच, पण डागाची जागाही सापडत नव्हती. धाकटीनं तो अंगाशी धरला आणि खिडकीच्या काचेत बघितलं. थोरलीनं कॉलरवरून बोट फिरवलं, मग ते बोट अंगठ्यावर चोळलं. बुळबुळीत. कोट पांढरा होता आणि साबणानं गच्च होता. तिनं ते बोट गुपचूप रुमालाला पुसलं.

ताई पुस्तिका वाचत होती. "आत अजून फेस आहे. दोन-तीन वेळा पावडर न घालता, रिकामं चालवा म्हणतात."

"रिकामं कशाला?" आई म्हणाल्या. "साबण आहे ना आत? मग त्यात कपडे घाला. वाया का घालवायचा?"

एवढ्या साध्या वाक्यानं खोलीतली हवा बदलली. पुढच्या घाण्याला पावडर नको, आतल्यावरच निघेल. त्याच्या पुढच्यालाही. म्हणजे रांग आली.

"म्हणजे पहिलं पाणी धाकटीचं झालं," थोरला म्हणाला. तो घड्याळाचं यंत्र पुसत बसला होता, त्याला एवढं धोकादायक वाक्य बोलल्याची कल्पना नव्हती.

धाकटीनं कोट खाली केला. "मला नको होतं. वहिनी, खरंच."

"झालं ते झालं," आई म्हणाल्या. धाकटीच्या पाठोपाठ जायला त्यांना काही वाटलं नाही. चुकून पुढं गेलेली माणसं मोजायची नसतात. "दुसरं माझं. आत्ता लावा."

"आणि माझं गाठोडं दुपारपासून बांधलेलं आहे," ताई म्हणाली. "तिसरं माझं. त्याखाली मी जाणार नाही."

दोघींनी थोरलीकडे पाहिलं. आता ही भांडणार.

"घ्या की तुम्ही आधी," थोरली म्हणाली. "मी शेवटी. मला घाई नाही."

तिच्या तोंडून हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. आईंना संशय आला, पण नक्की कशाचा घ्यावा हे न कळल्यानं त्यांनी आपले कपडे आणायला सांगितलं. धुण्याचं पाणी बोटांनी ओळखायला एकोणीस वर्षं तिसऱ्यावर काढावी लागतात. आईंनी ती कधी काढली नव्हती.

आईंचा घाणा रविवारी संध्याकाळी निघाला, ताईचा सोमवारी सकाळी. सोमवारी दुपारी धाकटी दुकानातून जेवायला आली तेव्हा मालकानं कोटाची वाखाणणी केल्याचं तिनं सांगितलं, आणि सांगता सांगता दोनदा मान खाजवली. आई सकाळपासून पाठ दाराच्या चौकटीला घासत होत्या आणि हवा कोरडी झाल्याचं बोलत होत्या. ताईचा फोन आला, तिकडेही हवा कोरडी होती.

सोमवारी संध्याकाळी कार्यालयातून आल्यावर थोरलीनं आपले कपडे नव्या मशीनमध्ये घातले. फेस जवळजवळ संपला होता. तिनं पुस्तिका बघून दोन चमचे पावडर मोजून घातली, दार लावलं आणि आईंच्या स्टुलावर बसली. जुन्या मशीनची जागा भिंतीवर चौकोनी उमटलेली होती. तेवढीच भिंत पांढरी होती.

काचेआड पाणी आलं. थोडं होतं, पण स्वच्छ होतं. त्यात आधी कुणीच जाऊन आलेलं नव्हतं. मग कपडे वर उचलले गेले, खाली आपटले आणि पाणी हळूहळू राखाडी व्हायला लागलं. शर्टांतून ते येतच राहिलं. एकोणीस वर्षांत वरून खाली जे काही आलं होतं ते सगळं. हा काळपटपणा ताईच्या शाळेतल्या फळ्याच्या पुसण्याचा. ती तेलकट झाक नवऱ्याच्या दुकानातली. आणि तो निळसर पदर आईंच्या त्या गाऊनचा, जो पहिलं वर्षभर रंग सोडायचा आणि ज्याबद्दल या घरात बोलायचं नसतं.

आई पाठ खाजवत दारात आल्या. त्यांनी काचेत वाकून पाहिलं.

"अगं, पाणी काळं आलंय की."

"येऊ द्या," थोरली म्हणाली आणि त्यांना स्टुलावर जागा करून दिली.